घरातला अबोला

२६ ऑक्टोबर २०१५ रोजी कराचीहून आलेल्या विमानातून गीता नावाची एक तरुणी दिल्लीला उतरली, तेव्हा देशभर आनंद व्यक्त झाला. ऐकू न येणारी आणि बोलू न शकणारी ही मुलगी लहानपणी वाट चुकून समझोता एक्सप्रेसने लाहोरला पोहोचली होती. तेथून ती कराचीच्या एधी फाउंडेशनच्या आश्रयाला गेली आणि बिल्किस एधी यांनी तिला लेकीसारखे वाढविले. परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी जातीने लक्ष घालून तिला मायदेशी आणले. पण ती आली त्या दिवशी तिचे घर नेमके कोठे आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. बिहारमधील ज्या कुटुंबाने प्रथम तिच्यावर हक्क सांगितला, त्याच्याशी तिचा डीएनए जुळला नाही. नंतरही अनेकांनी ‘ही आमचीच मुलगी’ म्हणून दावे केले. तिचा मुक्काम इंदूरला होता. अखेर मार्च २०२१ मध्ये तिची आई आपल्याच महाराष्ट्रात, परभणी जिल्ह्यात सापडल्याचे वृत्त आले.

या शोधातील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. नदी, देऊळ, आगगाडी, शेतातील पिके अशा आठवणी गीताजवळ पहिल्यापासून होत्या. म्हणजे पत्ता तिच्यापाशी होता. तो विचारून घेण्याची भाषा विचारणाऱ्यांपाशी नव्हती. खुणांची भाषा जाणणारी माणसे तिच्याजवळ शांतपणे बसली, तिच्या हातांतून एकेक तपशील त्यांनी उलगडून घेतला, तेव्हा शोधाची दिशा मराठवाड्याकडे वळली. दोन देशांची सरकारे, राजदूत आणि वृत्तपत्रे यांना जे साधले नाही, ते दोन हातांच्या संभाषणाने साधले.

वृत्तपत्रांच्या दृष्टीने मायलेकींच्या भेटीपाशी ही कथा संपली. वस्तुतः खरा प्रश्न तेथेच सुरू होतो. आईची भाषा मराठी आणि मुलीची भाषा हातांची. एवढ्या वर्षांनी समोरासमोर आलेल्या मायलेकींना एकमेकींशी बोलण्यासाठी मध्ये दुभाषा लागला. हजारो मैलांचे अंतर सरकारांच्या प्रयत्नाने तुटले, पण हातभर अंतरावर बसलेल्या दोघींमधील अंतर कोणाच्या आदेशाने तुटणारे नव्हते. गीताची कथा असामान्य आहे ती तिच्या प्रवासामुळे. तिचे एकाकीपण मात्र मुळीच असामान्य नाही. जी मुले कधी हरवली नाहीत, गावाची शीवही ज्यांनी कधी ओलांडली नाही, अशा असंख्य कर्णबधिर मुलांच्या वाट्याला हेच एकाकीपण स्वतःच्या घरात येते.

वाशीमहून हिंगोलीमार्गे रेल्वेने पूर्णेला उतरले की परभणी जिल्हा लागतो. इतके हे सारे आपल्या जवळचे आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला वाशीम जिल्हा सहा तालुक्यांचा. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ११,९७,१६० भरली आणि तीतील पाचांपैकी चार माणसे खेड्यांत राहणारी होती. मालेगाव, रिसोड किंवा मानोरा तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याचे घर डोळ्यांसमोर आणावे. सोयाबीनची मळणी आटोपली आहे, रात्रीची जेवणे चालू आहेत. भाव काय निघाला, थोरलीला पाहायला कोण येणार, सोसायटीचे कर्ज कसे फेडायचे, असे बोलणे सुरू आहे. मध्येच कोणीतरी विनोद करतो आणि सगळे हसतात. पंगतीत बसलेला विशीतला एक मुलगा सर्वांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहतो आणि सगळे हसले म्हणून तोही हसतो. शेजारच्या बहिणीच्या दंडाला हात लावून तो खुणेने विचारतो, ‘काय झाले?’ बहीण मायाळू आहे. ती हात हलवून सांगते, ‘काही नाही, मग सांगते, जेव.’ ते ‘मग’ कधी येत नाही. अमेरिकेतील कर्णबधिरांनी या अनुभवाला जेवणाच्या मेजाचे दुखणे असे नावच दिले आहे. आपल्याकडे मेज नाही, पंगत आहे. दुखणे तेच आहे.

मराठी कुटुंबात माणसाला द्यावयाची सर्वांत कठोर शिक्षा कोणती? मारणे नव्हे, उपाशी ठेवणेही नव्हे. ती शिक्षा म्हणजे अबोला. सासूसुनांचा, भावाभावांचा, नवराबायकोचा अबोला काय असतो, हे ज्याने भोगले त्याला सांगावे लागत नाही. चार दिवसांच्या अबोल्याने शहाणी माणसे कासावीस होतात आणि मध्यस्थ घालून समेट घडवितात. कर्णबधिर मूल हा अबोला जन्मभर सोसते. तेही कोणताच अपराध नसताना आणि घरातील कोणाच्याही मनात राग नसताना. म्हणूनच त्याचा समेट घडवावा, हे कोणाला सुचत नाही.

ऐकणाऱ्यांच्या घरातले मूल

हा प्रश्न समजून घ्यावयाचा तर एक साधी वस्तुस्थिती ध्यानी घेतली पाहिजे. माणसाची जात, धर्म, भाषा, चालीरीती या गोष्टी त्याला घरातून मिळतात. मुसलमानाचे मूल मुसलमानाच्या घरी वाढते, बंजाऱ्याचे मूल तांड्यात गोरमाटी ऐकत वाढते. बाहेरच्या जगात अवहेलना झाली तरी घरात आपल्यासारखी माणसे असतात आणि त्यांच्या आधाराने ती अवहेलना सोसता येते. कर्णबधिराचे तसे नाही. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांपैकी शंभरात नव्वदांहून अधिक मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी येतात, असे अभ्यासकांना आढळले आहे. त्याच्यासारखा माणूस घरात नसतो, बहुधा गावातही नसतो. आईबापांनीही बहिरेपण पूर्वी कधी जवळून पाहिलेले नसते. प्रथम ‘उशिरा बोलेल’ म्हणून वाट पाहणे, मग नवससायास, मग अकोल्याच्या किंवा नागपूरच्या डॉक्टरांकडे खेपा, आणि या सगळ्यात आईला मिळणारे बोल, असा तो क्रम ठरलेला असतो. भाषा रुजण्याची पहिली मोलाची वर्षे या खेपांत निघून जातात.

या ठिकाणी जनगणनेतील एका नियमाची आठवण होते. २०११ च्या जनगणनेत प्रत्येकाची मातृभाषा विचारली गेली. तान्ह्या मुलांच्या आणि मूकबधिरांच्या बाबतीत मात्र त्यांची आई जी भाषा सामान्यतः बोलते ती लिहावी, असा प्रगणकांसाठी नियम होता. नियम करणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. रकाना रिकामा राहू नये, एवढाच त्याचा उद्देश असणार. पण त्याचा अर्थ पाहावा. चाळीस वर्षांचा कर्णबधिर गृहस्थ या नियमाने तान्ह्या मुलाच्या पंक्तीला बसला. आणि जी भाषा त्याच्यापर्यंत कधी पोहोचलीच नाही, ती सरकारदप्तरी त्याची मातृभाषा म्हणून नोंदली गेली. गीताची मातृभाषा कोणती? या नियमाने ती मराठी ठरेल. आणि तिच्या आईचा मराठीतील एक शब्दही तिला कळणार नाही. २०११ च्या जनगणनेने देशात ऐकण्याचे अपंगत्व असलेली ५० लाखांहून अधिक माणसे मोजली. त्यांपैकी किती जणांशी घरात कोणी पोटभर बोलू शकते, हे मोजणारा रकाना त्या तक्त्यात नव्हता.

ग्रासाच्छादन आणि त्यापुढे

कुटुंबातील बहिऱ्या माणसाचे स्थान हा आपल्या समाजापुढे आलेला नवा प्रश्न नाही. आपल्या धर्मशास्त्रकारांनी त्याचा विचार केलेला आहे आणि तो करताना त्यांनी कठोर निर्णय दिला आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वडिलोपार्जित संपत्तीत ज्यांना वाटा नाही अशांची यादी आहे. तीत जन्मांध, बधिर आणि मुका ही माणसे येतात. याज्ञवल्क्याचाही कल तोच. मात्र अशांना हयातभर ग्रासाच्छादन, म्हणजे अन्न आणि वस्त्र, देणे हे वाटेकऱ्यांचे कर्तव्य आहे आणि ते न देणारा पतित होतो, असेही त्यांनी बजाविले. थोडक्यात, त्याला पोसा, पण त्याला वाटेकरी समजू नका, अशी ती व्यवस्था होती. इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनीही जन्मतः मूकबधिर असलेल्यांचा वारसाहक्क या आधारे नाकारला. १९२८ साली हिंदू वारसा अपात्रता निवारण कायदा झाला, तेव्हा मिताक्षरा मानणाऱ्या कुटुंबांतून शारीरिक व्यंगाची ही आडकाठी निघाली. पुढे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने रोग, दोष किंवा व्यंग यांमुळे कोणीही वारसाहक्काला मुकणार नाही, असे स्पष्ट केले.

कायद्याने अशा रीतीने मनूला मागे टाकले. घरांनी त्याला अजून मागे टाकलेले नाही. आपल्याकडील बहुतेक घरांत कर्णबधिर मुलाला अन्न मिळते, वस्त्र मिळते, दिवाळीला नवा सदरा मिळतो, आजारपणात औषध मिळते. लळाही पुष्कळदा इतरांहून अधिक मिळतो. हे सारे ग्रासाच्छादनच होय. वाटा मिळत नाही तो बोलण्यातला. घरात एखादी गोष्ट ठरावयाची असली की आपण म्हणतो, ‘काकांच्या कानावर घातले का?’ ‘धाकट्याच्या कानावर घाला, नाही तर त्याला वाईट वाटेल.’ कानावर घालणे ही आपल्या कुटुंबातील मान्यतेची खूण आहे. ज्याच्या कानावर घालता येत नाही त्याचा मान कसा राखावयाचा, याचा विचार आपण केलेला नाही. म्हणून बहिणीचे लग्न ठरल्याचे त्याला कापडखरेदीवरून कळते. घरातील म्हाताऱ्याचा आजार शेवटाला गेल्याचे त्याला ठाऊक नसते. बाहेरगावचे नातेवाईक दारात जमले आणि तिरडी बांधली जाऊ लागली, म्हणजे त्याला कळते. त्याला दुःख करण्यासाठीही वेळेवर बोलाविले जात नाही.

आणि बोलण्यातला वाटा नसला की जमिनीतला वाटाही टिकत नाही. वाटणीपत्र होते, हक्कसोडपत्र होते, फेरफाराची नोंद होते. कागद पुढे सरकवला जातो, अंगठा कोठे उठवावयाचा ते बोटाने दाखविले जाते. वडीलभावाच्या मनात कपट असतेच असे नाही. ‘त्याला काय कळणार, आम्ही आहोतच की त्याचे बघायला’ ही त्याची प्रामाणिक समजूत असते. परंतु १९२८ च्या कायद्याने दिलेला वाटा अशा एका ठशाने सातबाऱ्यावरून जाऊ शकतो. आणि ज्याचा वाटा गेला त्याला तो गेल्याचेही कळत नाही.

घरी माया, वसतिगृहात भाषा

यावर असे म्हटले जाईल की घरात खुणा असतात, त्या खुणांनी काम भागते. काम भागते हे खरे. पण काम भागणे आणि बोलणे यांत अंतर आहे. घरातल्या खुणा पाहिल्या तर त्या बहुतेक आज्ञेच्या असतात: ये, जा, जेव, पाणी आण, बैल सोड, दार लाव. ‘का’ विचारणारी खूण क्वचित असते. ‘गेल्या वर्षी’, ‘कदाचित’, ‘मला वाटते’, ‘तुझी आठवण आली’ यांना खुणा नसतात. कारण कोणी त्याच्याशी तसे बोलतच नाही. निकाराग्वा देशात १९७७ नंतर मानाग्वा शहरी कर्णबधिर मुलांसाठी शाळा निघाल्या, तेव्हा घराघरांतून अशाच तुटपुंज्या खुणा घेऊन मुले आली होती. शिक्षक त्यांना ओठांवरून स्पॅनिश शिकवीत होते. मुलांनी मात्र मैदानावर आणि बसगाडीत आपापल्या खुणा एकमेकांत मिसळल्या आणि पुढच्या लहान मुलांनी त्यांतून व्याकरण असलेली पुरी भाषा घडविली. भाषा घडविण्याची शक्ती या मुलांत जात्याच होती. उणीव होती ती संवाद करणाऱ्या सोबत्यांची.

आपल्याकडेही कर्णबधिर मुलाला भाषा मिळते ती बहुधा घराबाहेर, निवासी शाळेत. मुंबईत माझगावला बिशप मेऊरिन यांच्या पुढाकाराने १८८५ साली भारतातील पहिली मूकबधिरांची शाळा सुरू झाली, तेव्हापासूनचा हा इतिहास आहे. त्याच्या पाचच वर्षे आधी, १८८० साली, मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने खुणांच्या भाषेला वर्गाबाहेर काढण्याचा ठराव केला होता आणि जगभरच्या शाळांवर त्याची छाया दीर्घकाळ पडली. आपल्या अनेक शाळांनीही मुलाच्या तोंडून चार शब्द वदवून घेण्यातच सार्थक मानले. मुले खुणा शिकली ती वसतिगृहात, मोठ्या मुलांकडून.

यातून एक विलक्षण पेच निर्माण झाला आहे. घरी माया आहे पण भाषा नाही. वसतिगृहात भाषा आहे पण घर नाही. सहाव्या-सातव्या वर्षी गेलेले मूल दिवाळीला आणि उन्हाळ्यात पाहुण्यासारखे घरी येते. त्याच्या हातांत आता शेकडो शब्द आलेले असतात आणि ते ऐकायला, म्हणजे पाहायला, घरात कोणी नसते. दोन दिवसांत त्याचे हात पुन्हा थांबतात. सुट्टी संपण्याची वाट मूल पाहू लागते आणि ‘पोराला घरची ओढच उरली नाही’ म्हणून आई डोळे पुसते. दोघांचेही दुःख खरे आहे, आणि दोघेही एकमेकांना ते सांगू शकत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नववे कलम असे आहे की न्यायालयाने मुलाच्या हितासाठी आदेश दिल्याखेरीज अपंगत्वाच्या कारणावरून कोणत्याही मुलाला आईबापांपासून वेगळे करू नये. उत्तम कलम आहे. पण छपराखाली एकत्र राहणे एवढाच त्याचा अर्थ घेतला तर मूल घरात राहूनही वेगळेच राहील.

हिमाचल प्रदेशातील एका खेड्यात वाढलेले मदन वासिष्ठ अकराव्या वर्षी बहिरे झाले. पुढे कित्येक वर्षे ते घरच्या शेतीत राबत होते. तरुणपणी दिल्लीला गेले, तेव्हा त्यांना इतर कर्णबधिर माणसे आणि त्यांची भाषा भेटली. तेथून ते अमेरिकेतील गॅलॉडेट येथे पोहोचले, आणि १९७० च्या दशकात ज्या अभ्यासकांनी भारतातील खुणांच्या भाषेची प्रथम शास्त्रशुद्ध पाहणी केली, त्यांत ते होते. अशी उदाहरणे उमेद देतात. पण प्रत्येक कर्णबधिर मुलाने आपले माणूस शोधण्यासाठी घर सोडून दिल्ली गाठावी, ही काही समाजाने अभिमानाने सांगावी अशी व्यवस्था नव्हे.

यंत्र आणि वेळ

दोन आक्षेपांचा येथे विचार केला पाहिजे. पहिला असा की आता श्रवणयंत्रे आहेत, कानात बसविण्याची कॉक्लियर यंत्रे आहेत, त्यांसाठी केंद्र सरकारची एडिप योजना आहे. मग हातवाऱ्यांचा आग्रह कशासाठी? या साधनांचे मोल कोणी नाकारणार नाही. लवकर निदान झाले, वेळेवर शस्त्रक्रिया झाली आणि नंतर वर्षानुवर्षे वाचाउपचार मिळाले तर अनेक मुले ऐकू-बोलू लागतात. परंतु ही ‘तर’ची मालिका आपल्या जिल्ह्यातील किती घरांना पुरी करता येते? ज्या मुलाचे बहिरेपण चौथ्या-पाचव्या वर्षी ध्यानात येते, ज्याला दर आठवड्याला उपचारासाठी शहर गाठणे परवडत नाही, त्याचे काय? आणि जी मुले आज विशीत, तिशीत, चाळिशीत आहेत त्यांचे काय? यंत्राची वाट पाहताना मुलाला भाषेवाचून ठेवणे म्हणजे विहीर खणून होईपर्यंत तहानलेल्याला घागरभर पाणी नाकारणे होय.

दुसरा आक्षेप गरिबीचा. दिवसभर रोजगाराला जाणाऱ्या आईने नवी भाषा कधी शिकावी? प्रश्न सहानुभूतीने विचारलेला आहे, पण त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात मिळते. कारंजा-मंगरूळपीरच्या बाजारात उभे राहावे. तांड्यावरची बाई घरात गोरमाटी बोलते, दुकानदाराशी मराठी बोलते, फेरीवाल्याशी हिंदी बोलते. कामाच्या शोधात सुरतेला गेलेला मजूर एका हंगामात कामापुरती गुजराती उचलतो. यांपैकी कोणी शाळेत जाऊन या भाषा शिकले नाही. गरज लागली, माणसे भेटली, भाषा आली. पोटासाठी भाषा शिकता येते तर पोटच्या पोरासाठी का येणार नाही? खरी अडचण अशी की ही भाषा आहे, ती शिकावयाची असते आणि शिकता येते, हे त्या आईला कोणी सांगितलेलेच नसते. डॉक्टर यंत्राविषयी सांगतात, कचेरी प्रमाणपत्राविषयी सांगते. मुलाशी बोलावे कसे, हे कोणीच सांगत नाही.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मार्थाज व्हिनयार्ड नावाचे बेट आहे. तेथे आनुवंशिक कारणांनी पिढ्यान्‌पिढ्या अनेक माणसे बहिरी जन्मत असत. नोरा ग्रोस या संशोधिकेने १९८५ साली त्या बेटाचा इतिहास प्रसिद्ध केला. तेथील ऐकणारी माणसेही लहानपणापासून हातांची भाषा बोलत. कोळी समुद्रावर नावेतून नावेशी हातांनीच बोलत. म्हाताऱ्या माणसांना जुन्या शेजाऱ्यांविषयी विचारले तर अमुक एक गृहस्थ बहिरा होता, हे त्यांना मुद्दाम आठवावे लागे. कान तेथेही बंदच होते. फरक पडला तो शेजाऱ्यांच्या हातांमुळे.

करता येण्याजोगे

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा त्याचा पहिला कोश निघाला आणि २०२१ पर्यंत तो १०,००० शब्दांवर गेला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने या भाषेचा स्वीकार केला. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील महिलेने दुभाष्याच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयात काम चालविले आणि सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी त्याला वाट करून दिली. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला. देशाच्या सर्वोच्च न्यायासनासमोर जी भाषा पोहोचली ती वाशीम जिल्ह्यातील स्वयंपाकघरापर्यंत पोहोचू नये, हे मात्र खटकणारे आहे.

येथून पुढचे काम दिल्लीचे कमी आणि आपले अधिक आहे. निवासी शाळांनी उन्हाळ्याच्या सुट्टीतील आठ-दहा दिवस पालकांसाठी राखावेत. मुलांसह आई, बाप आणि भावंडे यांना बोलवावे आणि मुलांनाच त्यांचे शिक्षक करावे. आपल्या मुलाकडून काही शिकावे लागणे, हाच पालकांसाठी पहिला धडा ठरेल. ज्या गावच्या साध्या शाळेत कर्णबधिर मूल आहे तेथील शिक्षकाने रोज दोन-चार खुणा सगळ्या वर्गाला शिकवाव्यात. मुले कोणतीही गंमत शिक्षकांच्या आधी उचलतात. भ्रमणध्वनीवर गाणी पाहणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच यंत्रावर हा कोश मोफत पाहता येतो. त्याने आपल्या घरातील किंवा गल्लीतील एका कर्णबधिर माणसाशी बोलण्यापुरता तो पाहावा. तहसील किंवा दुय्यम निबंधक कचेरीतील कारकुनाने कर्णबधिर पक्षकाराचा अंगठा घेण्यापूर्वी, कागदातील मजकूर त्याला कोणी आणि कोणत्या भाषेत समजावला, एवढा एक प्रश्न विचारावा. त्याच्या लाभात ज्याचा तोटा आहे असा भाऊ दुभाषा म्हणून पुढे आला तर दुसरा दुभाषा मागावा. यांपैकी एकाही गोष्टीला स्वतंत्र खाते किंवा मोठा निधी लागत नाही.

जनगणनेचेही तसेच. १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख धरून होणाऱ्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली. दारोदार फिरून मोजणी करण्याचे काम आपल्याकडे प्रायः शिक्षक आणि कारकून यांनाच येते. मातृभाषेच्या रकान्यात काय लिहावे, हे नियम ठरवितील आणि प्रगणकाला त्याप्रमाणेच लिहावे लागेल. पण पडवीत बसलेल्या कर्णबधिर माणसाविषयीचे प्रश्न त्याच्या डोक्यावरून घरच्यांना विचारण्याऐवजी एकदा त्याच्याकडे वळून, त्याच्या डोळ्यांना डोळे भिडवून नमस्काराची खूण करावी, याला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.

वाशीम हे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. राजशेखराने आपल्या काव्यमीमांसेत सांगितलेली एक कथा या गावाशी येऊन संपते. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष आईने आपल्या मागून येऊ दिले नाही म्हणून रुसून घराबाहेर पडला. त्याला परत वळविण्यासाठी गौरीने साहित्यविद्येला निर्माण केले. ती देशोदेशी त्याच्या मागून गेली. प्रत्येक देशी तिने आपला वेष बदलला, रीत बदलली आणि त्याचे मन थोडे थोडे वळत गेले. अखेर विदर्भात, वत्सगुल्म नगरीत, दोघांचा विवाह झाला. विद्वान या कथेत काव्यरीतींचा इतिहास वाचतात. आपण तिच्यात एवढेच पाहावे की प्रत्यक्ष वाग्देवतेचा मुलगादेखील घरच्यांपासून दुरावू शकतो आणि त्याला परत आणणाऱ्यालाच आपली रीत बदलावी लागते. ‘तू आमच्यासारखे बोल, मग आम्ही तुला आपले म्हणू’ अशी अट साहित्यविद्येने घातली नव्हती.

आपण मात्र आपल्या कर्णबधिर मुलांना शतकानुशतके तीच अट घालीत आलो आहोत. त्यांनी ओठ वाचावेत, त्यांनी शब्द उच्चारावेत, त्यांनी समजून घ्यावे, त्यांनी सगळे हसले की हसावे. मूल आपल्या परीने हे सगळे करते. उद्या रात्रीच्या पंगतीत त्याने दंडाला हात लावून ‘काय झाले?’ असे विचारले, तर ‘मग सांगते’ म्हणण्याऐवजी घास हातातच ठेवून त्याला तेव्हाच सांगावे. खुणा चुकतील, अडखळतील, तोच आपल्याला हसेल. परंतु त्या घरातील अबोला त्या क्षणी सुटेल. आणि अबोला सोडण्यासाठी कोणीतरी पहिला शब्द बोलावा लागतो, हे आपल्या घरांना निराळे सांगावयास नको.